असुर कोण, ते नीट दाखवा

‘भडक आहे’ हा मराठी सिनेमावर मारला जाणारा सगळ्यात आळशी शेरा आहे. १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून हा शेरा इतक्या वेळा कानावर आला, की त्याचा एकदा समाचार घ्यायलाच हवा. पूर्वार्ध छान, उत्तरार्ध फार नाटकी. दिलीप प्रभावळकर ग्रेट, पण शेवट फार अंगावर येतो. खाणींचा विषय महत्त्वाचा, पण जरा संयमाने हाताळायला हवा होता.

अंगावर येतो, कारण तो अंगावर यावा म्हणूनच केलेला आहे. आणि संयमाचं म्हणाल, तर कोकणातल्या खाणींबद्दल संयमाने लिहिलेलं भरपूर पडून आहे. त्याचं काय झालं ते बघू.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्यांना स्थगिती दिली. ३१ ऑगस्ट २०११ रोजी माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल सादर केला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकार आणि कोर्टाच्या वाटेने. अहवाल इंग्रजीत होता. ज्यांच्या डोंगराबद्दल तो होता, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं एक पानही पाहिलं नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याला लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल घेऊन पाणी घराघरांत, बागायतीत शिरलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. पंचनामे झाले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. बातमी आतल्या पानावर छापून आली आणि विरली.

हे सगळं काम मोलाचं आहे. गाडगीळांच्या अहवालाची जागा कुठलाही सिनेमा घेऊ शकत नाही. कोर्टात अश्रू चालत नाहीत, नकाशे चालतात. पण मालवणच्या बाजारात, देवगडच्या एसटी स्टँडवर, परळ-लालबागच्या चाळीत राहिलेल्या चाकरमान्याच्या घरात खाण हा विषय जेवताना निघाला तो ‘दशावतार’मधल्या बाबुली मेस्त्रीमुळे. ज्याला दिसेनासं होत चाललंय, तरी रंग पुसायला जो तयार नाही, ज्याच्या पोराला तो म्हातारा आता घरी बसलेला हवा आहे, अशा एका दशावतारी कलावंतामुळे. तो पोर मरतो आणि बाप अवतार घेतो. अहवालाला चौदा वर्षांत जे जमलं नाही ते बाप-लेकाच्या गोष्टीने अडीच तासांत केलं. ते हुंदक्यातून झालं म्हणून त्याला खालच्या पंगतीत बसवणं मला मान्य नाही.

मेलोड्रामा म्हणजे काय, हे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना फिल्म सोसायटीने शिकवलेलं नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळाच्या मांडावर रात्ररात्र तो चालतो. पालखीची प्रदक्षिणा होते, मग मध्यरात्र उलटताना पायपेटी, मृदंग आणि झांज लागते. आधी आडदशावतार: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो, मग संकासुर आणि त्याचा वध करायला विष्णू. त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, प्रसंग वाटून घेतले जातात, आणि पुढे नट आपल्या जिभेच्या जोरावर पहाटेपर्यंत राज्य करतो. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तीच शय्या. राणीच्या वेशात पुरुष असतो. तिचा नवरा तिच्यावर संशय घेतो, तिला वनात धाडतो, आणि ती तीन वाजता जो विलाप करते तो ऐकून खळ्यात बसलेली आजी पदर तोंडाला लावून रडते. साडीतला माणूस रोज सकाळी मासळीच्या लिलावात भेटतो हे तिला माहीत असतं. तरी रडते.

हे रडणं भोळं नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट पाठ आहे. कोण जिंकणार ते माहीत आहे. त्याला बघायचं असतं ते अन्याय उघड होताना. घरात जो अन्याय दाराआड होतो, भावकीत जो दबक्या आवाजात होतो, कचेरीत जो कागदावर होतो, तो इथे उजेडात, मोठ्या आवाजात, चेहऱ्याला रंग फासून समोर उभा राहतो. दुष्टाला आपण दुष्ट आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. गावातल्या कुठल्या सावकाराने, कुठल्या दलालाने हे कधी सांगितलंय?

आणि संकासुर. देव आणि राजे सगळे प्रमाण मराठीत, संस्कृत शब्दांची झालर लावून बोलतात. काळ्या वेशातला संकासुर मालवणीत बोलतो. भटजीची रेवडी उडवतो, मानकऱ्यांना टोमणे मारतो, रस्ता का झाला नाही ते विचारतो. गावाचं राजकारण दशावतारात शिरतं ते त्याच्या तोंडून, आणि शिरल्यावर प्रेक्षक जो हसतो तो ऐकून पहिल्या रांगेतले काही चेहरे आवळले जातात. म्हणजे राजकारण आणि भडक नाट्य यांची गाठ घालायला आम्हाला बाहेरून कोणी यावं लागलं नाही. खानोलकरांनी ती गाठ उचलून पडद्यावर ठेवली. गुरू ठाकूर यांच्या संवादांनी तिला मालवणी सूर दिला. त्यांचं मोठेपण हे, की त्यांनी दशावताराला सजावट म्हणून वापरलं नाही. सोंगाची पेटी हेच त्यांच्या नायकाचं हत्यार केलं.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी दशावतारी माणसाबद्दल आमच्याकडे म्हण आहे. रात्री ज्याच्या पायावर लोक डोकं ठेवतात तो सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरतो. चित्रपटाचा सगळा राजकीय ताण या एका म्हणीत मावतो. ज्याच्याकडे सत्ता नाही, जमीन नाही, वय नाही, दृष्टी नाही, त्याच्याकडे रात्रीपुरता देव आहे. आणि ज्यांच्याकडे बाकी सगळं आहे त्यांच्याशी त्याची गाठ आहे. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. ऐंशी पार केलेल्या शरीराने त्यांनी हे केलं. त्यांच्या जागी एखादा पिळदार तिशीतला नायक असता तर तो साधा सूडपट झाला असता. म्हातारपण हीच या सिनेमाची राजकीय भूमिका आहे, कारण कोकणातली गावं म्हातारीच झाली आहेत. पोरं मुंबईला, पुण्याला, गोव्यात. डोंगराची राखण करायला मागे उरले ते गुडघे दुखणारे.

आता ज्यांना वाटतं की राजकीय कलेने आवाज खाली ठेवावा, त्यांनी एकदा ‘कीचकवध’ आठवावं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक, १९०७ चं. महाभारतातली गोष्ट: विराटाच्या दरबारात दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, तिच्यावर हात टाकणारा कीचक, धीर धरा म्हणणारा धर्म आणि धीर न धरणारा भीम. इंग्रजांचं नाव नाटकात कुठे नाही. पण बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. लंडनच्या टाइम्सच्या व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० च्या आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली. त्यात नाटक बघणाऱ्या पुरुषांच्या ताणलेल्या चेहऱ्यांची आणि बायकांच्या पाणावलेल्या डोळ्यांची नोंद आहे. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली.

हे नीट लक्षात घ्या. बंदी आली ती एका पौराणिक, रडक्या, आरडाओरड्याच्या नाटकावर. निबंधावर, भाषणावर तर ती येतच होती, पण पाणावलेल्या डोळ्यांत काय शिजतं हे साम्राज्याला पक्कं कळलं होतं. आमच्या रसिकांना ते शंभर वर्षांनीही कळत नसेल तर दोष नाटकीपणाचा नाही.

मेलोड्रामाचा युरोपातला जन्मही राजकारणातूनच झाला. फ्रेंच राज्यक्रांतीने राजा आणि धर्मपीठ दोघांनाही खाली खेचलं. चांगलं काय आणि वाईट काय हे सांगणारं कोणी उरलं नाही, तेव्हा पॅरिसच्या रंगभूमीवर पिक्सेरेकूर नावाचा नाटककार उभा राहिला. त्याचं ‘सेलिना’ १८०० सालचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपण लिहितो, अशी त्याची भूमिका होती. इंग्रजी अहवालाची पानं ज्याला लागत नाहीत अशा कळण्याच्या शेतकऱ्याला हे सांगितलं, तर त्याला ते लगेच पटेल. फरक एवढाच, की पॅरिसला देव गेल्यावर मेलोड्रामा आला आणि आमच्याकडे देव मांडावर उभा असतानाच तो रंगतो. त्यामुळे आमचा मेलोड्रामा अधिक बळकट आहे, आणि अधिक धोक्याचाही. धोक्याचं पुढे सांगतो.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. ‘मेघे ढाका तारा’ १९६० चा. फाळणीने उखडलेलं घर, सगळ्यांसाठी राबून झिजणारी थोरली मुलगी, तिचे पैसे, तिचं प्रेम, तिची फुप्फुसं, एकेक करून सगळं घरच्यांनी वापरून टाकलेलं. तिच्यावर आघात होतो तेव्हा ध्वनिपटावर चाबकाचा फटका ऐकू येतो. यापेक्षा भडक काय असेल? आणि फाळणीवर यापेक्षा नेमकं काय असेल? हेच घटक साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य होते आणि मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम त्यांचे विद्यार्थी. मराठी सिनेमावाल्यांच्या अंगणात हा माणूस मेलोड्रामाचा अभिमान बाळगून शिकवून गेला. आमच्याकडे त्यातला अभिमान गेला, मेलोड्रामा तेवढा मालिकांकडे राहिला.

मालिकांचा उल्लेख आलाच म्हणून सांगतो. रोज साडेसातला सासू-सुनेचे डोळे वाहतात तो मेलोड्रामा मला चालत नाही. तिथल्या अश्रूंना पत्ता नसतो. सून सोसते, पण ते घर कोणाच्या नावावर आहे, पगार कोणाच्या हातात जातो, हे विचारलं जात नाही. अन्याय स्वभावाचा असतो, व्यवस्थेचा नसतो. सासू बदलली की प्रश्न मिटला. राजकीय सिनेमाच्या कामाला मेलोड्रामा येतो तो या ठिकाणी वेगळा झाला तरच. रडवा, पण कोणामुळे रडतोय ते दाखवा.

आणि या कसोटीला ‘दशावतार’ अर्धा उतरतो, अर्धा अडतो. हे त्याच्यावरच्या प्रेमाने बोलतोय.

उतरतो तो बाप-लेकाच्या नात्यात. पोर शिकलेला आहे, हाताला काम हवंय, बापाने मांडावर उभं राहून दृष्टी आणखी घालवू नये असं त्याला मनापासून वाटतं. त्याचं काहीच चुकत नाही. खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा कुठला? पोरांना नोकऱ्या. हा मुद्दा आकड्यांनी खोडला जात नाही, कारण तो आईच्या काळजातून येतो. तो खोडायचा तर काळजातूनच खोडावा लागतो. पोराच्या नोकरीची आस आणि पोराचा जीव या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच पडद्यावर ठेवून चित्रपटाने ते केलं. कुठल्याही जनसुनावणीतल्या भाषणापेक्षा ते जास्त नेमकं आहे.

अडतो तो सूडात. बाबुलीचे अवतार सुरू होतात, आम्ही टाळ्या वाजवतो, मीही वाजवल्या. पण शत्रूला चेहरा मिळाला की तो चेहरा फोडता येतो, आणि फोडला की प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो. खाण अशी चालत नाही. खाणीला लीज लागते, लीजला मंजुरी लागते, मंजुरीला अहवाल लागतो, अहवालाला सही लागते. आणि या सगळ्याच्या आधी जमीन लागते. जमीन कोणाकडून येते? ‘कांतारा’ या कन्नड सिनेमातही २०२२ साली हाच घोटाळा झाला होता. वनखातं विरुद्ध गाव हा खरा झगडा मांडला, दैव अंगात आलं, जमीनदार मेला, आणि शेवटी वनअधिकाऱ्याचा हात गावाच्या हातात देऊन सगळं शांत झालं. जमीनदाराला मारणं सोपं होतं. वनकायद्याशी बोलणं अवघड होतं, ते दैवावर टाकून दिलं. मघाशी धोक्याचं म्हटलं ते हेच. देव हाताशी असला की पटकथाकाराला कागद वाचावा लागत नाही.

दशावताराची परंपरा मात्र इथे सिनेमापेक्षा शहाणी आहे. संकासुर आज सोनुर्लीला मरतो आणि उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत पुन्हा काळा वेश चढवून उभा राहतो. विष्णूला परत यावं लागतं. परवा पुन्हा. असुर मारला आणि संपला असं खळ्यात बसलेल्या कोणालाही वाटत नाही. हे सिनेमात आणता आलं असतं. बाबुलीने सगळ्यांना लोळवल्यावर दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीची पांढरी गाडी त्याच रस्त्याने वर चढताना दाखवली असती, तर त्या टाळ्या घशात अडकल्या असत्या. आणि अडकायलाच हव्या होत्या.

हे मराठीत जमलेलं आहे. १९४१ साली प्रभातचा ‘शेजारी’ आला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, लेखन विश्राम बेडेकरांचं. जिवबा पाटील आणि मिर्झा हे जिवलग म्हातारे शेजारी, आणि धरणासाठी गावची जमीन हवी असलेला बाहेरचा माणूस. तो जमीन मागायला सरळ येत नाही. आधी दोघांत संशय पेरतो. हिंदू-मुसलमान दुहीचं राजकारण जमिनीच्या व्यवहारातून कसं उगवतं हे फाळणीच्या सहा वर्षं आधी मराठी पडद्यावर दाखवलं गेलं. शेवटी धरण फुटतं आणि दोघं मित्र त्यातच संपतात. पाण्याचे लोट, आर्त संगीत, एकमेकांकडे धावणारे म्हातारे, सगळं आहे. आजच्या शेरेबाजांनी तेही भडक म्हणून मोडीत काढलं असतं. पण दुही कोणी पेरली आणि का, याचा पत्ता त्या भडकपणात लिहिलेला आहे. हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी केला आणि हिंदू ठाकूर मझहर खान यांनी. भूमिका वाटण्यातही विधान होतं.

आणि ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६. नागराज मंजुळे यांनी पहिले तास गाण्यांनी, विहिरीतल्या उड्यांनी, वाऱ्यावर उडणाऱ्या केसांनी भरून टाकले. शेकडो सिनेमांनी आम्हाला शिकवलेला प्रेमाचा सगळा थाट त्यांनी मनापासून वापरला, त्याची थट्टा केली नाही. मग शेवटी आवाजच काढून घेतला. ते मूल चालत बाहेर येतं तेव्हा पार्श्वसंगीत नाही. अजय-अतुलच्या वाद्यवृंदाने आधी एवढं भरलं नसतं तर ती शांतता एवढी टोचली नसती. तिथे मारेकऱ्याला शिक्षा होत नाही, सूड नाही, टाळी नाही. जात जिवंत राहते आणि आपण तिच्याच गावात परत जातो. राजकीय मेलोड्रामा करणाऱ्याने ही एक जागा पाठ करावी.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो. लांब उभा राहिलेला कॅमेरा, तारखेवर तारीख, कोणी आवाज चढवत नाही. न्यायव्यवस्थेचा थंडपणा थंडपणानेच दाखवायला हवा होता. पण म्हणून प्रत्येक अन्याय थंड असतो असं नाही. बांध फुटून चिखल घरात येतो तो थंड नसतो. ज्याला जी आच आहे तिने ते शिजवावं. एका पद्धतीला सुसंस्कृत आणि दुसरीला गावंढळ ठरवण्याचं राजकारण मात्र मला चांगलं ओळखता येतं. आमच्या बोलीबद्दलही वर्षानुवर्षं हेच म्हटलं गेलं: विनोदासाठी मालवणी बरी, गंभीर बोलायचं तर शुद्ध बोला. मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक परदेशात नेलं तेव्हा हसणाऱ्यांनी मालवणी स्वीकारली. रडणाऱ्यांनी आता स्वीकारली.

तेव्हा पुढचं काय करायचं ते बोलू. आमच्या किनाऱ्यावर असुरांची कमतरता नाही, फक्त ते काळा वेश घालून येत नाहीत.

सामायिक सातबारा घ्या. एका जमिनीवर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, चार परदेशात, दोन वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. गावात राहणारा धाकटा भाऊ कलमं राखतो, मोहोराला फवारणी करतो, वानरांमागे धावतो. एके दिवशी दलाल डोंबिवलीला थोरल्याच्या घरी मिठाई घेऊन जातो आणि मुखत्यारपत्रावर सही घेऊन येतो. थोरला वाईट माणूस नाही. त्याच्या मुलीचं लग्न आहे, खोलीचं कर्ज आहे. धाकट्याला कळतं ते मोजणीवाले दारात आल्यावर. रामायणापासून चालत आलेला भावाभावांचा प्रसंग आहे हा. यात कोणालाही मारून प्रश्न सुटत नाही. आणि यात जेवढे अश्रू आहेत तेवढे कुठल्याही राक्षसवधात नाहीत. जमीन जाण्याचं सगळं राजकारण त्या एका सहीच्या प्रसंगात उभं राहतं.

नाहीतर समुद्रावर या. रापणकाराच्या गोष्टीला अजून मोठा पडदा मिळालेला नाही. अख्खी वाडी दोरीला लागून जाळं किनाऱ्यावर ओढते, मासळीचे वाटे पडतात, त्यात विधवेचाही वाटा असतो. समोर मोठ्या घेराच्या जाळ्याच्या, म्हणजे पर्ससीनच्या नौका. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या, एलईडी मासेमारीवर बंदी आणली. रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिवे दिसतात आणि कायद्याचं काय झालं ते कळतं. पण इथेही पर्ससीनवाला परका नाही. अनेकदा तो त्याच समाजाचा असतो, सोयरा असतो, देवीच्या उत्सवात शेजारी उभा असतो. मुलगी रापणकाराची, जावई पर्ससीनवर. हा प्रसंग मी सुचवतोय असं नाही, किनाऱ्यावर तो घराघरांत आहे. त्याला भव्य संगीत द्या, मुसळधार पाऊस द्या, सासऱ्या-जावयाला समुद्रात आमनेसामने आणा. लाजू नका. फक्त कर्ज देणारी बँक, मासळी उचलणारी कंपनी आणि गस्तीला न निघालेली बोट हीही चौकटीत राहू द्या.

अशा सिनेमासाठी दशावतारी मंडळींकडे जा. ‘ट्रिकसीन’ असलेले नाट्यप्रयोग करून त्यांनी तंत्राची भीती कधीच सोडली आहे. संहितेशिवाय तासभर एका प्रसंगात जीव ओतणारे नट त्यांच्याकडे आहेत. त्यांना पाहुणे कलाकार म्हणून एका नाचापुरतं बोलावू नका. मुख्य भूमिका द्या, पूर्ण मानधन द्या, श्रेयनामावलीत मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात द्या. प्रेक्षकालाही एक विनंती आहे. ‘दशावतार’ बघून रडला असाल तर तुमच्या वाडवडलांच्या गावचा सातबारा काढून बघा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा, आणि गावात जनसुनावणी लागली की रजा टाकून जा. तिथे माईक हातात आला तर आवाज खाली ठेवू नका.